‘मुका माग’ मालिका : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘मुका माग’ या माझ्या कादंबऱ्यांच्या मालिकेचा तिसरा भाग आल्यापासून पत्रं आणि मेसेज वाढलेत. सोलापुरात भाजी घेतानासुद्धा कुणीतरी थांबवून विचारतं, ‘ताई, नीलव्वाला का मारलंत?’ पुन्हा पुन्हा येणाऱ्या प्रश्नांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. पहिल्या दोन भागांतल्या घटना यात उघड होतात. तिसऱ्याचा शेवट सांगितलेला नाही.

मालिका कशाबद्दल आहे, थोडक्यात सांगाल का?

सोन्नवट नावाचं एक कोरडं पठार आहे. तिथे तीन लोक राहतात: किल्ल्याभोवती घरं बांधून राहिलेले तणेकर, बैलांच्या पाठीवर संसार टाकून फिरणारे अडवी, आणि तळी-बंधारे राखणारे नीरुकर. एकेकाळी हे तिघे मिळून वीण, म्हणजे जादूचं कापड, विणायचे. मग माणसांच्या नोंदी ठेवून कर घेणाऱ्या मोजणीघराचा हुकूम निघाला. माग बंद पडले, अडवींना तारेच्या कुंपणात बसवलं, आणि नीरुकरांना स्वतःच्याच तळ्यावर पाणी भरायला परवाना लागू लागला. याला दीडशे वर्षं झाल्यावर, तारेच्या आत जन्मलेली कांडी नावाची मुलगी एका रात्री भैरू नावाच्या तणेकर पोराच्या अर्धवट ताण्यावर, म्हणजे मागावरच्या उभ्या धाग्यांवर, धोटा (आडवा धागा नेणारं हत्यार) टाकते. आपण काय करतोय हे दोघांनाही माहीत नसतं. तिथून पुढे सगळं.

कुठल्या क्रमाने वाचायचं?

‘आडवा धागा’, ‘तारेपलीकडे’, ‘कोरड्या तळ्याचं गाव’. याच क्रमाने. पहिला भाग वाचनालयात सारखा बाहेर असतो म्हणून दुसऱ्यापासून सुरू करू का, असं बरेच जण विचारतात. थोडं थांबा, पण पहिलाच वाचा. वीण कशी चालते हे कांडीबरोबर चुकत चुकत शिकायचं आहे; दुसऱ्या भागात ते कुणी समजावून सांगत नाही.

वीण नेमकी चालते कशी?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच, म्हणून सविस्तर सांगते.

तणेकर माणूस ताणा लावतो. प्रत्येक उभ्या धाग्यामागे तो एक वचन बोलतो, म्हणजे पुढे काय घडावं ते. अडवी माणूस धोटा टाकतो आणि प्रत्येक फेकीला एक आठवण बोलतो, म्हणजे मागे काय घडलं ते. नीरुकर माणूस तयार कापड पाण्यात धरतो. तो काही बोलत नाही. त्याने दोघांचं ऐकलेलं असतं, आणि त्याच्या साक्षीशिवाय रंग पक्का होत नाही. हे तिन्ही झालं की कापड ‘धरतं’. असं कापड बंधाऱ्याच्या पायात पुरलं तर ते शाबूत असेपर्यंत बंधारा फुटत नाही. बाळंतिणीच्या अंगावर घातलं तर ताप उतरतो. रिकाम्या कणगीत मात्र वीण धान्य आणू शकत नाही. मेलेलं माणूसही उठवू शकत नाही, कारण मेलेल्याच्या वतीने पुढचं वचन कुणाला देता येत नाही.

आता किंमत. एक वीण पुरी झाली की विणणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडून आपल्या बोलीतला एक शब्द जातो आणि त्या जागी समोरच्याच्या बोलीतला शब्द येऊन बसतो. कुठला जाईल ते हातात नसतं. पहिल्या भागात त्या रात्रीनंतर सकाळी आई कांडीला म्हणते, ‘चूल पेटव.’ कांडी नुसती उभी राहते. समोर काय आहे ते तिला दिसतं, लाकडं कुठे ठेवलीत ते ठाऊक असतं, पण तो शब्दच तिच्यासाठी राहिलेला नसतो. तिच्या तोंडून ‘पोयी’ येतं, तणेकरांचा शब्द. आईच्या हातातली फुंकणी खाली पडते. सोलापूरच्या पूर्व भागातल्या, म्हणजे तेलुगू बोलणाऱ्या विणकरांच्या वस्तीतल्या वाचकांना ‘पोयी’ लगेच ओळखू आला, कारण तेलुगूत चुलीला ‘पोय्यि’ म्हणतात.

किंमत वयाची किंवा रक्ताची का ठेवली नाही, असंही विचारतात. अक्कलकोटकडून आलेली माझी आज्जी देवापुढे कन्नडमध्ये बोलायची आणि आमच्याशी मराठीत. म्हातारपणी तिला मराठी शब्द सापडेनासे झाले. दुधाला ‘हालु’, पाण्याला ‘नीरु’ म्हणायची आणि आम्हाला कळलं नाही की चिडायची. शब्द जाताना माणसाच्या चेहऱ्यावर काय होतं ते मी तिच्या चेहऱ्यावर पाहिलं आहे. रक्त जाताना पाहिलेलं नाही, म्हणून त्याबद्दल लिहिलं नाही.

मग वीण निषिद्ध का? नुसतं ‘राजा दुष्ट आहे’ म्हणून?

नाही, आणि यावर मी खूप काम केलं आहे. मोजणीघराने सांगितलेलं कारण खरं आहे. एका बंधाऱ्याच्या पायातलं कापड कुजलं, कुणी बदललं नाही, आणि सात गावं एका रात्रीत वाहून गेली. ती माणसं खरोखर मेली. मोठ्या मोजणीदाराचं आजोळ त्या सात गावांपैकी एक होतं. त्यामुळे तो जेव्हा म्हणतो, ‘माणसाच्या आठवणीवर बंधारा उभा करायचा नसतो, दगडावर करायचा असतो,’ तेव्हा त्याला खोटं पाडणं सोपं नाही. भैरूलाही दोन भाग ते जमत नाही.

पण हुकमात दगडाबद्दल एक ओळ नाही. सगळा हुकूम नोंदवहीबद्दल आहे. दहा-बारा विणी विणलेल्या माणसाच्या तोंडात तिन्ही बोली मिसळलेल्या असतात, आणि तो तणेकर की अडवी हे बोलण्यावरून सांगता येत नाही. मोजणीघर माणसांना रकान्यांत बसवून कर घेतं, पाणी देतं, जागा देतं. कुठल्याच रकान्यात न बसणारी माणसं वाढत गेली तर मोजणीघराला काम उरत नाही. म्हणून विणीवर बंदी. या मालिकेत मला काही सांगायचं असेल तर ते हेच आहे: जादूवर घातलेली ही बंदी मुळात एकमेकांच्या शेजारी बसण्यावर घातलेली आहे.

छिद्रपोथी ही कल्पना कुठून आली?

सोलापुरी चादरीवरून. चादरीवर मोर, फुलं, वेलबुट्टी कशी उमटते हे ज्यांनी जेकार्डच्या मागावर पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. मागाच्या डोक्यावर जाड पुठ्ठ्याची भोकं पाडलेली कार्डं दोऱ्याने एकमेकांना शिवून माळेसारखी टांगलेली असतात. माग चालला की एकेक कार्ड पुढे येतं. भोक असेल तिथे सुई आत जाते, तिचा आकडा वर उचलला जातो आणि त्याच्याबरोबर ताण्याचे ठरलेले धागे वर येतात. भोक नसेल तिथे सुई मागे ढकलली जाते आणि धागे खालीच राहतात. मधून धोटा जातो. झालं एक ‘पिक’, म्हणजे आडव्या धाग्याची एक फेक. अशी शेकडो कार्डं गेली की मोराची एक मान तयार होते. फ्रान्समध्ये जेकार्डने हे यंत्र १८०४ च्या सुमाराला तयार केलं.

लहानपणी माझी समजूत होती की ती कार्डं म्हणजे मागाने वाचायची पोथी आहे, आणि ती खोटी नव्हती. पुठ्ठ्याच्या भोकांत अख्खा मोर लिहिलेला असतो, फक्त तो माणसाला वाचता येत नाही. सोन्नवटात बंदी आल्यावर विणकरांनी विणींचे नमुने असेच भोकांत लिहून लपवले, तीच छिद्रपोथी. मोजणीघराचे शिपाई झडतीत ती पाहतात आणि ‘चाळणीचे पुठ्ठे’ म्हणून सोडून देतात.

लपवण्याच्या बाबतीत आणखी एक ऋण सांगायला हवं. महानुभाव पंथाने आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत लिहून शतकानुशतकं जपले. आपल्या भाषेतलं एवढं मोठं धन कुलपात राहिलं आणि टिकलंही. छिद्रपोथी उघडायची किल्ली एका कुटुंबातून दुसऱ्यात कशी जाते ते लिहिताना महानुभावांचे मठ माझ्या डोळ्यांसमोर होते.

तारेचं कुंपण खरं होतं का?

हो. सोलापूरच्या माणसाला ‘सेटलमेंट’ हा शब्द समजावून द्यावा लागत नाही. बाहेरच्या वाचकांसाठी सांगते. १८७१ मध्ये इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. काही जमातींत जन्माला आलेलं मूल जन्मापासूनच गुन्हेगार, असा त्याचा अर्थ. या जमातींतल्या माणसांना तारेच्या आत वसवलं, ठरलेल्या वेळी हजेरी द्यायला लावली, बाहेर पडायचं तर परवानगी घ्यायला लावली. अशी मोठी वसाहत सोलापुरात होती, आणि आतली माणसं इथल्या गिरण्यांत राबत होती. देश स्वतंत्र झाल्यावरही पाच वर्षं हा कायदा होता. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो रद्द झाला आणि त्या लोकांना ‘विमुक्त’ म्हणू लागले.

अडवींच्या वस्तीतली संध्याकाळची हजेरी मी इकडून तिकडून ऐकलेल्या आठवणींवरून लिहिली. एका वाचकाने लिहिलं की हे वर्णन फार अंगावर येतं, थोडं सौम्य करायला हवं होतं. मी सौम्यच लिहिलं आहे.

मग अडवी म्हणजे अमुक जमात, तणेकर म्हणजे अमुक जात, असं आहे का?

अशी जोडी लावू नका, अशी मनापासून विनंती आहे. तिन्ही लोकांत मी मुद्दाम सरमिसळ केली आहे. तणेकरांचे मागाचे शब्द पूर्व भागातल्या पद्मशाली विणकरांच्या घरांतून ऐकलेले आहेत, पण त्यांचा माज दुसरीकडचा आहे. अडवींच्या बोलीत कन्नड आहे आणि दख्खनीही. नीरुकरांची उतरंड, म्हणजे कुणी कुठल्या पायरीवरून पाणी भरायचं, ती तर आपल्या प्रत्येक गावात होती.

चोखोबांना पंढरपूरच्या देवळात पाऊल टाकता आलं नाही. १३३८ साली मंगळवेढ्यात गावकुसाचं काम चालू असताना भिंत कोसळून ते गेले. तेच मंगळवेढं दुष्काळात धान्याची कोठारं उघडणाऱ्या दामाजीपंतांचंही. पंढरपूरचं देऊळ सगळ्यांना खुलं व्हावं म्हणून साने गुरुजींना १९४७ च्या मे महिन्यात उपोषण करावं लागलं. मधे सहाशे वर्षं गेली. आमच्याच जिल्ह्यातली ही गावं आहेत. दुसऱ्या भागात नीलव्वाची आई ज्या भिंतीखाली जाते, ती भिंत कुठली हे इथल्या वाचकांनी बरोबर ओळखलं.

‘अडवी’ या नावाचा अर्थ काय?

कन्नडमध्ये आणि तेलुगूत ‘अडवि’ म्हणजे रान. त्या लोकांनी स्वतःला दिलेलं नाव तेच आहे, रानातले. तणेकरांच्या कानाला मात्र ते ‘आडवी’ ऐकू येतं, म्हणजे आडवी येणारी, वाट अडवणारी माणसं. दोन्ही लोक दीडशे वर्षं एकच नाव वापरतात आणि दोन वेगळे अर्थ घेतात. आणि मागावर पाहिलं तर बाणा, म्हणजे धोट्याने टाकलेला धागा, आडवाच असतो. तो नसेल तर कापडच होत नाही. हा धागा मला सुचला नाही, इथल्या भाषांनी दिला.

सोलापूरच का? गोष्ट तर काल्पनिक जगातली आहे.

आमचं घर पूर्व भागाच्या कडेला होतं. गल्लीत यंत्रमाग. पहाटेपासून खटक-खटक, खटक-खटक. त्या आवाजात वाढलेली माणसं मोठ्याने बोलतात, बाहेरगावचे पाहुणे विचारायचे की घरात भांडण चालू आहे का. आई शेजारच्या अक्कांकडे बसून कांड्या, म्हणजे धोट्यातल्या सुताच्या नळ्या, भरायची. अक्का तेलुगूत बोलायच्या, आई मराठीत उत्तर द्यायची, पलीकडच्या खाला दख्खनीत ‘हौ’ आणि ‘नक्को’ म्हणायच्या. तो ‘नक्को’ आपल्याच ‘नको’तून गेलेला. कुणी कुणाची भाषा शिकायला बसलं नव्हतं. आम्ही पोरं तर एका वाक्यात तिन्ही घालायचो आणि शेवटी ‘बे’ लावायचो, म्हणजे ते सोलापुरी झालं.

आणि मग वीज जायची. सगळी गल्ली एकदम मुकी. माणसं मात्र सवयीने तशीच मोठ्याने बोलत राहायची, आणि त्या शांततेत प्रत्येक घरातलं बोलणं सगळ्यांना ऐकू यायचं. कुणाचं देणं थकलंय, कुणाची सोयरीक मोडली. माग मुके झाले की माणसं उघडी पडतात हे मी तेव्हा पाहिलं. मालिकेचं नाव तिथून आलं. १८७७ साली मोरारजी गोकुळदासांनी उभी केलेली जुनी मिल माझ्या आजोबांनी चालू असताना पाहिली. माझ्या वाट्याला तिची फक्त गोष्ट आली. कायमचा मुका झालेला माग कसा असतो ते त्या गोष्टीतून कळलं.

पुण्या-मुंबईच्या वाचकाला हे कळेल का, अशी शंका एका संपादकांनी काढली होती. सगळ्यात जास्त पत्रं इचलकरंजी, मालेगाव आणि भिवंडीहून येतात. तिथेही माग आहेत.

पाण्यातला महाल खरा आहे का?

हो, नळदुर्गला आहे. सोलापूरहून हैदराबाद रस्त्याने तासाभरात पोचता. बोरी नदीवर किल्ल्याच्या तटातच धरण बांधलंय आणि त्या धरणाच्या पोटात पाणीमहाल आहे. इब्राहिम आदिलशाहाच्या काळात, १६१३ साली तो बांधला गेला. पावसाळ्यात धरणावरून नर आणि मादी असे दोन धबधबे पडतात, आणि पाणी डोक्यावरून जात असताना माणूस आत कोरडा उभा राहू शकतो. नीरुकरांची साक्षीची खोली मी तशीच ठेवली आहे. ऑगस्टमध्ये जा. भिंतीला हात लावून उभं राहिलात तर नीलव्वाला पाणी ऐकू कसं येतं ते समजेल.

नळदुर्ग निजामाच्या मुलखात होतं आणि सोलापूर इंग्रजांच्या. मधे नाके होते, करोडगिरी म्हणजे जकात होती. सप्टेंबर १९४८ मध्ये भारतीय फौजा हैदराबादकडे निघाल्या त्या सोलापूरहून याच नळदुर्गच्या रस्त्याने. तासाभराच्या अंतरावर दुसरं राज्य, दुसरं नाणं, दुसरा कायदा, आणि दोन्हीकडे सोयरीक. हे इथल्या जुन्या माणसांना नवीन नव्हतं. सोन्नवटातले नाकेदार ‘करोडी’ का म्हणवतात ते आता लक्षात आलं असेल.

तिसऱ्या भागातल्या चौघांची फाशी इतिहासातली आहे का?

प्रसंग काल्पनिक आहे, पण आधार खरा आहे. मे १९३० मध्ये गांधीजींच्या अटकेनंतर सोलापूर पेटलं आणि ९ ते ११ मे हे तीन दिवस शहरात इंग्रजांची सत्ता उरली नाही. मग मार्शल लॉ आला, झेंडा घेऊन फिरणाऱ्यांनाही कडक शिक्षा झाल्या. १२ जानेवारी १९३१ ला मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना येरवड्यात फाशी दिलं. चौघांची नावं एकदा सावकाश वाचा. चार वेगवेगळ्या घरांतली, चार वेगवेगळ्या भाषांच्या अंगणांतली माणसं. चार हुतात्मा चौकातून मी शाळेत जायचे, तेव्हा ती चार नावं एकत्र घेणं इतकं सवयीचं होतं की त्यात काही विशेष आहे असं वाटलंच नाही. बाहेरगावी शिकायला गेल्यावर वाटलं.

त्या प्रसंगात झेंडा आणला नाही. चौघांच्या गळ्यात एकाच कापडाचे फाडलेले चार तुकडे आहेत, एवढंच.

ड्रॅगन, परी, राक्षस वगैरे का नाहीत?

माळावर ते दिसत नाहीत. माळढोक आहे. किंवा होता म्हणावं, इतका दुर्मीळ झालाय. नान्नजला त्याच्यासाठी १९७९ मध्ये अभयारण्य केलं. उंच, रुबाबदार पक्षी, उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडं घालतो. ‘कोरड्या तळ्याचं गाव’मध्ये कांडी ते अंडं पाहते आणि वाट बदलते. त्या प्रसंगात जादू कुठे आहे असं एका मुलाने विचारलं. नाहीच.

नीलव्वाला का मारलंत?

तुमच्याइतकंच मलाही लागलं. तीन आठवडे मी ते प्रकरण लिहायचं टाळत होते.

नीलव्वा शेवटची साक्षीदार होती. आयुष्यभर ती दुसऱ्यांचं ऐकत राहिली, स्वतः काही बोलली नाही. मोजणीघरासमोर तिने तोंड उघडलं आणि कोणी कुठे वीण विणली ते सांगण्याऐवजी सात गावांची नावं घेतली. वाहून गेलेल्या सात गावांची, आणि त्या प्रत्येक गावातल्या घराघरातली. सूर्य मावळेपर्यंत ती नावं घेत होती. मोठ्या मोजणीदाराच्या आजोळचं नाव आलं तेव्हा तो उठून गेला. साक्षीदार बोलला की त्याचं पाणी संपतं, हा नियम पहिल्या भागाच्या तिसऱ्या प्रकरणात दिलेला आहे. तिच्यासाठी मी तो मोडला असता तर तिने जे केलं त्याला काही मोल राहिलं नसतं. ती परत येणार नाही. कृपया चौथ्या भागात तिची वाट पाहू नका.

अवघड शब्दांची यादी का दिली नाही?

कारण पोरं यादी न वाचताच शिकतात. ताणा, बाणा, धोटा, फणी, कांडी हे शब्द पहिल्या पन्नास पानांत कामाच्या ओघात येतात आणि प्रत्येक वेळी कुणीतरी ती वस्तू हातात घेतलेली असते. ‘वैफणी’ तेवढं मागाहून येतं. ताण्याला खळ लावून, ताणून, कुंच्याने साफ करायचं ते काम. पूर्वी रस्त्याच्या कडेला लांबच लांब ताणा ताणून हे चालायचं.

कितव्या वर्षापासून वाचायला द्यावं?

तेरा-चौदा. दुसऱ्या भागातली हजेरी आणि तिसऱ्यातली फाशी लहान मुलांनी एकट्याने वाचू नये. घरात कुणी मोठ्याने वाचून दाखवणार असेल तर आधी चालेल.

विणीला काही पुराणातला आधार आहे का?

पद्मशाली समाजात सांगतात की मार्कंडेयांच्या वंशातल्या भावनाऋषींनी कमळाच्या देठातल्या तंतूंपासून पहिलं कापड विणलं, देवांना नेसायला. नारळी पौर्णिमेला पूर्व भागातून मार्कंडेयांचा रथ निघतो तेव्हा ही कथा मी दरवर्षी कुणाकडून तरी ऐकली आहे. कमळ तळ्यातलं, म्हणजे पहिल्या कापडातही पाणी होतंच. नीरुकरांना विणीत जागा मिळाली ती या कथेमुळे. सुरुवातीच्या खर्ड्यात फक्त दोनच लोक होते.

चौथा भाग कधी?

नाव ठरलं आहे, ‘अक्षता’. अर्धा लिहून झालाय. तारीख देत नाही, कारण एकदा दिली होती आणि पाळता आली नाही.

विषय सांगते. बाराव्या शतकात सोलापूरचं नाव सोन्नलगी होतं. सिद्धरामेश्वर इथे होऊन गेले. त्यांनी कन्नडमध्ये वचनं लिहिली, लोकांना कामाला लावून तळं खोदलं. एका कुंभारकन्येने त्यांच्याशी लग्नाचा हट्ट धरला, तेव्हा त्यांनी तिला आपल्या योगदंडाशी लग्न लावायला सांगितलं, अशी कथा आहे. दर संक्रांतीला गड्ड्याच्या यात्रेत ते लग्न पुन्हा लागतं. पांढरी बाराबंदी घातलेली माणसं उंच नंदीध्वज पेलत येतात, संमती कट्ट्याजवळ संमती वाचली जाते आणि हजारो हातांतून अक्षता पडतात. त्या क्षणी शेजारी कोण उभं आहे हे कुणी पाहत नाही.

लहानपणी मला फक्त त्या मुलीचं वाईट वाटायचं. लग्न काठीशी, आणि दुसऱ्या दिवशी होम. तिने काय मागितलं आणि तिला काय मिळालं? चौथ्या भागात ती मुलगी बोलते. एवढंच सांगते.

मलाही मराठीत असं जग उभं करायचं आहे. सुरुवात कुठून करू?

नकाशापासून करू नका. एखादं काम निवडा, जे तुमच्या गावात खरोखर चालतं, आणि ते करणाऱ्या माणसाजवळ जाऊन बसा. विडी वळणाऱ्या बाईजवळ, उसाच्या गुऱ्हाळावर, द्राक्षाच्या बागेत छाटणीला. हत्यारांची नावं विचारा, चुकलं की काय म्हणतात ते विचारा. विडीची पत्ती ओली करून किती वेळ ठेवायची, कात्रीने कशी कापायची, दोरा कुठे बांधायचा, हे सगळं नियमात असतं, आणि नियम मोडला की काय होतं ते बाईला पाठ असतं. जादूला यापेक्षा जास्त काही लागत नाही. मी दोन महिने एका कारखान्यात नुसती बसून होते. मालक म्हणाले, ‘काय करायलाय ताई, रोज येऊन?’ मी म्हटलं, शब्द गोळा करते. त्यांनी चहा सांगितला आणि पुढचा तासभर स्वतःच सांगत बसले.

आणि आपल्या बोलीला घाबरू नका. प्रमाण मराठीतच लिहायला हवं असं वाटून मी पहिला खर्डा सगळा गुळगुळीत केला होता. वाचताना कांडी कुठल्याच गावची वाटेना. तो खर्डा टाकून दिला.

या जगात आम्ही आमच्या गोष्टी लिहू का?

जरूर लिहा. विकू नका, आणि नीलव्वाला जिवंत करू नका.

पहिल्या भागातल्या नकाशात सीनेसारखी नदी उलटी वाहते. चूक आहे का?

चूक आहे, माझीच. दुसऱ्या आवृत्तीत दुरुस्त केली. मोहोळच्या एका शिक्षकांनी दाखवून दिली, त्यांची आभारी आहे.

कांडीला ‘चूल’ हा शब्द परत मिळतो का?

नाही. गेलेला शब्द परत येत नाही, विणीचा तो नियम कुणासाठीच बदलणार नाही. पण तिसऱ्या भागाचं बाविसावं प्रकरण पुन्हा एकदा वाचा. वस्तीत पाहुणे आलेत, धूर झालाय, आणि आई कांडीला हाक मारून म्हणते, ‘पोयीपाशी बस, गार वारं आहे.’ त्या बाईने आयुष्यात एकही वीण विणलेली नाही. तो शब्द ती स्वतःहून शिकली आहे.